यादीतल्या सहा वस्तू आणि एक संकोच

वाचकाचे पत्र: मी नुकताच स्कूबाचा, म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीला लावून पाण्याखाली पोहण्याचा, ‘ओपन वॉटर’ हा सुरुवातीचा कोर्स पूर्ण केला. ज्या डायव्ह शॉपमध्ये शिकलो तिथल्या इन्स्ट्रक्टर बाईंनी मला साहित्याची यादी करून दिली: मास्क, फिन्स (पायांत घालायचे पंखे), वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख), बीसीडी (हवा भरून तरंगणे सांभाळणारे जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासापुरती देणारे यंत्र) आणि डायव्ह कॉम्प्युटर. त्यांच्या दुकानात मी सर्व काही अंगाला लावून पाहिले, त्यात त्यांचा अर्धा दिवस गेला. घरी येऊन पाहतो तर तीच मॉडेल्स इंटरनेटवर जवळजवळ एक तृतीयांशाने स्वस्त आहेत. सहाही वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवल्या आहेत, पण पैसे भरायला हात धजावत नाही. पत्नी म्हणते, व्यवहारात भावना आणू नयेत. बरोबरचे डायव्हर म्हणतात, दुकाने बंद पडली तर सिलिंडर कुठे भरणार? मी वर्षातून फार तर एक-दोन सहली करीन. मी काय करावे? आणि ऑनलाइन घ्यायचे ठरवले तर बाईंना काय सांगावे?

उत्तर: तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक साहित्याचा आहे: कोणती वस्तू कुठून घेतली असता ती पाण्याखाली भरवशाची राहील. दुसरा देण्याघेण्याचा आहे: ज्या दुकानाने तुमच्यासाठी अर्धा दिवस खर्च केला त्याचे तुम्ही काय देणे लागता. हे दोन्ही एकाच वेळी सोडवू पाहिले की गल्लत होते. मग दुकानदार भिडेच्या जोरावर माल खपवतो आणि त्याला सुरक्षिततेचे नाव देतो, किंवा ग्राहक दुसऱ्याचा वेळ फुकट वापरतो आणि त्याला व्यवहारीपणाचे नाव देतो. म्हणून आधी साहित्याचे पाहू.

सहा वस्तू तुम्ही एका कार्टमध्ये टाकल्या असल्या तरी तो एक निर्णय नाही. प्रत्येक वस्तूबाबत स्वतःला इतकेच विचारा, की ही चुकीची निघाली तर ते मला कुठे कळेल, आणि कळल्यावर ती कोण ठीक करून देईल. डायव्ह कॉम्प्युटरचे बटण अडत असेल तर ते घरीच कळते आणि तो परत पाठवता येतो. मास्क गळका निघाला तर ते पाण्यात उतरल्यावर कळते. रेग्युलेटरची खरी अडचण कदाचित वर्ष-दीड वर्षाने, सर्व्हिसिंगची वेळ आल्यावर समोर येईल, आणि तेव्हा तो उघडून ठीक करणारे कोणी तुम्हाला मिळेल की नाही, हे तुम्ही खरेदीच्या दिवशीच, बहुधा नकळत, ठरवून टाकलेले असेल. किंमत हा निकष यानंतर येतो.

मास्कपासून सुरुवात करतो, कारण तिथे माझे उत्तर अगदी सरळ आहे: दुकानात जो बसला तो दुकानातूनच घ्या. मास्कचा ब्रँड फारसा महत्त्वाचा नसतो. काच टेम्पर्ड असावी, कडा सिलिकॉनची असावी आणि तिचा आकार तुमच्या चेहऱ्याशी जुळावा, एवढे पुरते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवून नाकाने हलका श्वास आत घेतला आणि तो तसाच चिकटून राहिला, तर तो तुमचा. कडेने हवा आत शिरली तर तो कितीही नामांकित असला तरी तुमचा नाही. ही परीक्षा फोटोवरून देता येत नाही. शिवाय सहा वस्तूंत हीच बहुधा सर्वांत स्वस्त असते, त्यामुळे तिच्यावर वाचणारी रक्कमही किरकोळ असते. (नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून येताना एक पातळ थर राहिलेला असतो. तो नीट घासून काढला नाही तर काच सतत धुरकट होते, आणि लोक मास्कलाच दोष देतात.)

फिन्सचे दोन प्रकार असतात: संपूर्ण पाऊल आत जाणारे, आणि मागून पट्टा असलेले, जे बूट घालून वापरायचे. दुसऱ्या प्रकारात आधी बूट ठरतात आणि मग फिन्स, कारण बुटांच्या जाडीने माप बदलते. माप एकदा नक्की झाले की फिन्स कुठूनही घेतले तरी चालते.

वेटसूटबाबत मी अधिक सावध राहीन. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने काढून घेते, आणि वेटसूटचे सारे काम सूट व त्वचा यांच्यामध्ये अडकलेले थोडेसे पाणी जागच्या जागी राहण्यावर अवलंबून असते. पाठीच्या कण्याशी किंवा काखेत पोकळी राहिली की प्रत्येक हालचालीबरोबर गार पाणी आत-बाहेर करते आणि पाच मिलिमीटर जाडीचा सूटही तीन मिलिमीटरचे काम करतो. शिवाय सूट ज्याचा असतो त्या निओप्रीन रबरातली ऊब त्यातल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे असते. २० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो, बुडबुडे दबतात आणि सूट पातळ होतो, म्हणजे जी ऊब वर पुरेशी वाटली ती खाली पुरेशी असतेच असे नाही. कंपन्यांचे मापांचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे एका कंपनीचा ‘मीडियम’ अंगाला बसला म्हणून दुसरीचा बसेल असे समजू नये. नेमके तेच मॉडेल आणि तेच माप तुम्ही अंगावर घालून पाहिले असेल आणि विक्रेता विनातक्रार परत घेत असेल, तर ऑनलाइन घेण्यात धोका नाही. फक्त घरी पोहोचल्यावर लेबल न काढता तो अर्धा तास अंगावर ठेवून वाका, बसा, हात वर करा. गळ्याशी किंवा काखेत आवळत असेल तर ते तेव्हाच कळू द्या.

बीसीडीचे माप वेटसूट घालून घ्यायचे असते, हे दुकानात तुम्हाला सांगितले गेले असेलच. त्यात यांत्रिक भाग थोडे असले तरी हवा भरणारा इन्फ्लेटर अडकला आणि आपोआप हवा भरत राहिला तर डायव्हर नको त्या वेगाने वर फेकला जातो, म्हणून त्यालाही वेळोवेळी तपासणी लागते. पण तो उघडून साफ करणे रेग्युलेटरच्या मानाने सोपे असते आणि ब्रँडच्या अधिकृत तंत्रज्ञावाचून सहसा अडत नाही.

आता रेग्युलेटर. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब). सिलिंडरला जोडलेला पहिला भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, ती भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक एवढ्या मधल्या दाबावर आणते आणि तोंडातली सेकंड स्टेज तुम्ही श्वास घ्याल तेवढ्यापुरती ती भोवतालच्या दाबावर आणून देते. हे काम प्रत्येक श्वासाला, खोली बदलत असताना, बिनचूक व्हावे लागते. सील, ओ-रिंग आणि व्हॉल्व्ह बसतात त्या कडा झिजल्या की हा मधला दाब हळूहळू वर सरकू लागतो आणि सेकंड स्टेजमधून हवा गळू लागते किंवा श्वास जड होतो. सुरुवातीला हे क्वचितच जाणवते. ज्याच्याकडे मधल्या दाबाचा गेज आहे आणि त्या मॉडेलचे ठरलेले आकडे माहीत आहेत, त्याला ते दोन मिनिटांत कळते.

काही दुकानदार सांगतात की ऑनलाइन घेतलेला रेग्युलेटर मुळातच असुरक्षित असतो. हे खरे नाही. नामांकित कंपनीचा नवा रेग्युलेटर त्याच कारखान्यातून, त्याच खोक्यात येतो, मग तो कोणीही विकलेला असो. युरोपीय मानक ईएन २५० नुसार रेग्युलेटरची चाचणी ५० मीटर खोलीइतक्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर श्वसनाच्या वेगाने घेतली जाते, म्हणजे दमलेल्या डायव्हरच्या जोरकस श्वासांसाठी. २०१४ च्या आवृत्तीपासून ‘ईएन २५०ए’ ही खूण आली. जिच्यावर ती असते त्या संचातून अडचणीच्या वेळी दुसऱ्या डायव्हरलाही हवा देता येते, असे ती सांगते. खुणेपुढे ‘१० अंश सेल्सियसपेक्षा अधिक’ असे चिन्ह असेल तर तो रेग्युलेटर अतिथंड पाण्यासाठी नाही. ही खूण उत्पादनाच्या फोटोतही वाचता येते आणि ती पाहिल्याशिवाय कुठूनच घेऊ नये, दुकानातूनसुद्धा.

फरक पडतो तो खोके उघडल्यानंतर. पहिली गोष्ट म्हणजे विक्रेता कंपनीचा अधिकृत आहे का. पुष्कळ ऑनलाइन दुकाने अधिकृत असतात. पण जी नसतात, ती दुसऱ्या बाजारपेठेसाठी पाठवलेला माल आडवाटेने आणून विकतात. अशा मालाला कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि क्वचित त्यावरचा सिरियल नंबरही खरवडलेला असतो. काही कंपन्या मूळ खरेदीदाराला सर्व्हिसिंगचे सुटे भाग वर्षानुवर्षे विनामूल्य देतात, परंतु खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून झालेली असावी आणि सर्व्हिसिंग ठरलेल्या मुदतीत केलेले असावे, अशा अटी घालतात. तुम्ही जो एक तृतीयांश वाचवत आहात, त्यातला काही भाग इथे हळूहळू परत जाऊ शकतो. सिरियल नंबर कंपनीकडे तुमच्या नावाने नोंदलेला असणे आणखी एका कारणासाठी हवे: एखाद्या भागात दोष सापडून कंपनीने माल परत मागवला, तर सूचना नोंदणी असलेल्यांपर्यंत आधी पोहोचते.

दुसरी गोष्ट जोडणीची. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, ऑक्टोपस (अडचणीत जोडीदाराला द्यायची जादा सेकंड स्टेज), दाब दाखवणारा गेज आणि नळ्या हे अनेकदा वेगवेगळे येतात. हाय प्रेशरच्या छिद्राचा आटा लो प्रेशरच्या छिद्रापेक्षा मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे नळ्यांची ती धोकादायक अदलाबदल सहसा होत नाही. पण कोणती नळी कोणत्या कोनात निघावी म्हणजे ती मान ओढणार नाही, मधला दाब कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत आहे का, सेकंड स्टेज किती हलक्या श्वासाला उघडते, हे सर्व बाकावर बसून तपासावे लागते. ऑनलाइन घेतलात तर हे काम पैसे देऊन कोणाकडून तरी करून घ्या. यूट्यूब पाहून पहिलाच रेग्युलेटर स्वतः जोडणे हे मला धाडस वाटते, काटकसर नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि हीच लोक शेवटी विचारतात. बहुतेक कंपन्या रेग्युलेटर दर एक किंवा दोन वर्षांनी, किंवा साधारण १०० डायव्ह झाल्यावर, जे आधी घडेल तेव्हा, उघडून सर्व्हिस करायला सांगतात. त्यासाठी लागणारे किट अनेक कंपन्या फक्त आपल्या प्रशिक्षित तंत्रज्ञांनाच देतात. म्हणजे जगात उत्तम समजला जाणारा ब्रँड तुम्ही स्वस्तात घेतला, पण तुमच्या आवाक्यात त्या ब्रँडचा तंत्रज्ञ नाही, तर दर वेळी तो कुरियरने पाठवणे आले, वाट पाहणे आले आणि परत आल्यावर काही खटकले तर पुन्हा पाठवणे आले. म्हणून मॉडेल निवडण्याच्या आधी तंत्रज्ञ निवडा. तो ज्या दोन-तीन ब्रँडवर नेहमी काम करतो, त्यांतूनच रेग्युलेटर घ्या. मग तो कुठून विकत घेतला हा प्रश्न बराचसा गौण होतो.

जोडीला हेही पाहा की ज्या ठिकाणी तुम्ही डायव्हिंगला जाणार तिथल्या सिलिंडरला कोणता व्हॉल्व्ह असतो. जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हवर शिकंज्यासारखा आवळायचा योक क्लॅम्प २३२ बारपर्यंतच वापरायचा असतो, तर आट्यांनी घट्ट बसणारा डीआयएन प्रकार ३०० बारच्या सिलिंडरवरही मिळतो. डीआयएन रेग्युलेटरला योकचे अ‍ॅडॉप्टर लावता येते, त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी जाणाऱ्या माणसाला तो अधिक सोयीचा पडतो.

एवढे सांगितल्यावर तुम्हाला थोडे अनपेक्षित वाटेल असे एक मत नोंदवतो. वर्षातून एक-दोन सहली करणाऱ्या नव्या डायव्हरने पहिल्या वर्षी रेग्युलेटर आणि बीसीडी घेऊच नये. रेग्युलेटर वापराने झिजतो तसा नुसता कपाटात पडूनही म्हातारा होतो; आठ डायव्ह झाले असोत की ऐंशी, रबरी भागांचे आणि सर्व्हिसिंगच्या मुदतीचे कॅलेंडर चालूच असते. दोन सहलींच्या भाड्याची बेरीज, आणि दुसऱ्या बाजूला किमतीचा वार्षिक हिस्सा, सर्व्हिसिंग आणि विमानातल्या जादा वजनाचे पैसे, असे दोन आकडे कागदावर मांडा. तुमच्या बाबतीत बहुधा भाडेच स्वस्त पडेल. भाड्याने घेताना सर्व्हिसिंगची तारीख विचारण्यात कसलाही संकोच नको; चांगला ऑपरेटर नोंदवही दाखवतो. दोन-चार प्रकारचे बीसीडी वापरून झाल्यावर पाठीमागे हवा भरणारे आवडते की जॅकेटसारखे, हेही तुमचे तुम्हाला कळेल, आणि तेव्हाची निवड आजच्यापेक्षा शहाणी असेल.

याउलट डायव्ह कॉम्प्युटर मात्र लवकर घ्या, आणि तो ऑनलाइन घ्यायला माझी हरकत नाही. तो अंगाला बसवायचा नसतो आणि त्याचे दरवर्षी सर्व्हिसिंग नसते. स्वतःचा हवा, कारण तो तुमच्या शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा हिशोब एका डायव्हमधून पुढच्या डायव्हमध्ये नेतो. सहलीच्या मध्येच यंत्र बदलले तर नव्या यंत्राला आधीचे काहीच ठाऊक नसते, आणि जोडीदाराचा कॉम्प्युटर पाहून डायव्ह करणे तर मुळीच योग्य नाही, कारण त्याची खोली आणि तुमची खोली सारखी राहत नाही. घेण्यापूर्वी बॅटरी स्वतः बदलता येते की सर्व्हिस सेंटरला पाठवावी लागते, एवढे पाहा.

यादीत नसलेली पण पुढे मोह पाडणारी वस्तू म्हणजे सिलिंडर. तो ऑनलाइन घेऊ नका. जुना तर मुळीच नको. सिलिंडरच्या मानेचे आटे वेगवेगळ्या मापांचे असतात, आणि त्यांतली एम २५ आणि पाऊण इंची ही दोन मापे इतकी जवळची आहेत की चुकीचा व्हॉल्व्ह बसल्यासारखा बसतो आणि भरताना दाबाखाली उडून जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या सिलिंडरांत ६३५१ नावाचा मिश्रधातू वापरला जात असे, ज्याला मानेशी चिरा पडू शकतात. लक्सफर कंपनीने अमेरिकेत १९८८ मध्ये तो सोडून ६०६१ घेतला, पण त्या काळातले सिलिंडर अजून हातोहात फिरत असतात. तपासणीची मुदत संपलेला सिलिंडर कोणतेही जबाबदार दुकान भरून देत नाही, आणि मग स्वस्तात घेतलेला तो सिलिंडर घरात नुसती जागा अडवतो.

टॉर्च, सिग्नल बॉय (पृष्ठभागावर आपली जागा दाखवणारा फुगा), त्याच्या दोरीचे रीळ, पाण्याखाली लिहायची पाटी, बॅग या वस्तू हव्या तिथून घ्या.

आता बाईंकडे आणि त्यांच्या दुकानाकडे येतो. डायव्ह शॉपचे गणित बाहेरून दिसते तसे नसते. कोर्सची फी अनेक ठिकाणी जेमतेम इन्स्ट्रक्टरचा वेळ, तलाव आणि विमा भागवते. सिलिंडर भरण्याच्या शुल्कातून कॉम्प्रेसरचा खर्च कसाबसा निघतो. दुकान तगते ते साहित्याच्या विक्रीवर. शिकवणे स्वस्त ठेवायचे आणि नफा साहित्यात काढायचा, ही या धंद्याची जुनी रीत आहे. फ्रान्समधल्या जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये अ‍ॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण आकाराला आणल्यानंतर साहित्य आधी बाजारात आले आणि शिकवण्याची व्यवस्था मागाहून उभी राहिली. पुढे पुष्कळ ठिकाणी विक्री आणि शिक्षण एकाच छताखाली नांदू लागले. हीच एकमेव पद्धत आहे असे मात्र नाही. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबच्या शाखांमध्ये सभासदच एकमेकांना शिकवतात, आणि तिथे शिक्षकाला काही विकायचे नसते.

या रीतीत दोष आहे आणि तो बाईंचा वैयक्तिक दोष नाही. तुमची शिक्षिका आणि तुमची विक्रेती एकच व्यक्ती असल्यामुळे तिने दिलेल्या यादीतले किती तुमच्या गरजेचे आणि किती तिच्या फळीवरचे, हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. कळून घ्यायचा एक सोपा मार्ग आहे. त्यांना विचारा: “मला यंदा दोनच वस्तू घेता येणार असतील, तर कोणत्या घेऊ?” ज्या बाई मास्क आणि कॉम्प्युटर सांगतील, किंवा मास्क आणि वेटसूट, त्यांच्याशी तुमचे बरीच वर्षे चांगले जमेल. सर्वांत महाग दोन वस्तूंवर बोट ठेवले गेले तर तुम्हाला उत्तर मिळालेच.

मित्रांचा सिलिंडरचा मुद्दा गंभीर आहे, परंतु तो त्यांना जितका लागू पडतो तितका तुम्हाला नाही. स्वतःचे सिलिंडर घेऊन दर आठवड्याला पाण्यात उतरणाऱ्याला जवळचा कॉम्प्रेसर हवाच, आणि तो चांगला राखलेला हवा. श्वसनाच्या हवेच्या ईएन १२०२१ या मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाख भागांत ५ भाग आणि तेलाची मर्यादा घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम इतकी कडक ठेवली आहे, कारण ३० मीटर खोलीवर प्रत्येक वायूचा आंशिक दाब चौपट होतो आणि वर क्षुल्लक वाटणारी भेसळ खाली क्षुल्लक राहत नाही. फिल्टर वेळेवर बदलणारे आणि हवेची चाचणी करून घेणारे दुकान बंद पडले तर ते नुकसान कुठल्याही सवलतीतून भरून निघत नाही. तुम्ही मात्र सहलीच्या ठिकाणच्या ऑपरेटरचे सिलिंडर वापरणार. तुम्हाला दुकान हवे आहे ते सरावाचा तलाव, पुढचा कोर्स, साहित्याची जोडणी आणि सर्व्हिसिंग यांसाठी. म्हणून मदत करायची तर तिथे पैसे देऊन करा. नको असलेले बीसीडी केवळ दुकान जगावे म्हणून घेणे हा दान करण्याचा फार महागडा मार्ग आहे, आणि त्या दानाची आठवण तुम्हाला दर सहलीला बॅग उचलताना होईल.

तरीही अर्ध्या दिवसाचे देणे उरतेच. पत्नी म्हणतात तशी ही केवळ भावनेची बाब नाही. जाणकार माणसाने तुमचे माप घेतले, सूट चढवायला-उतरवायला मदत केली, बीसीडीचे पट्टे जुळवले, ही एक सेवा होती आणि तिचे शुल्क कोणी आकारले नाही इतकेच. दुकानात माप ठरवून त्याच मापाची वस्तू गुपचूप दुसरीकडून मागवणे मला पटत नाही. ऑनलाइन घेण्यात गैर काही नाही. गैर आहे ते फक्त गुपचूपपणात.

म्हणून पैसे भरण्याआधी दुकानात जा आणि किंमत उघडपणे दाखवा. अनेक कंपन्या विक्रेत्यांवर जाहिरातीतल्या किमान किमतीचे बंधन घालतात. ते बंधन पुष्कळदा जाहिरातीपुरतेच असते, त्यामुळे दुकानाच्या संकेतस्थळावर दिसणारी किंमत आणि समोरासमोर मिळणारी किंमत एकच असेल असे नाही. किंमत उतरवता येत नसेल तर पहिले सर्व्हिसिंग, जोडणी, तलावातला एक तास असे काही त्यात बसते का, ते विचारा. मग ऑनलाइनच्या किमतीत वाहतूक, लागू असेल तो सीमाशुल्क, परत पाठवण्याचा खर्च आणि जोडणी मिळवून दोन्ही आकडे शेजारी ठेवा. फरक थोडा उरला तर दुकान निवडा. मोठा उरला तर ऑनलाइन घ्या, आणि बाईंना जोडणी व तपासणीचे रीतसर शुल्क द्या. बाहेरून आणलेल्या वस्तूला हात न लावणारी दुकानेही असतात. त्यांचा तो हक्क आहे, पण मग तुम्ही दुसरे दुकान शोधण्यातही काही वावगे नाही.

काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. इतके पुरेसे आहे: “बाई, मास्क आणि वेटसूट मी तुमच्याकडून घेतो. कॉम्प्युटर मला बाहेर बराच स्वस्त मिळतो आहे, तुम्हाला काही जमते का पाहा, नाहीतर मी तो तिकडून घेईन. रेग्युलेटर आणि बीसीडी यंदा भाड्यानेच वापरतो. घेईन तेव्हा तुम्ही ज्या ब्रँडचे सर्व्हिसिंग करता त्यांतलाच घेईन.” वर्षानुवर्षे दुकान चालवणाऱ्या माणसाने हे पूर्वी ऐकलेले असते, आणि असे सांगून वागणारा ग्राहक त्यांना मूकपणे नाहीसा होणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

त्याच भेटीत सहलीपूर्वीचा तलावातला एक तासही ठरवून टाका. नव्या वेटसूटची तरंगण्याची ताकद भाड्याच्या जुन्या, दबलेल्या सूटपेक्षा जास्त असते, त्यामुळे कोर्समध्ये ठरलेली शिशाची वजने आता कमी पडतील. शिवाय अकरा लिटरच्या भरलेल्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये सुमारे अडीच किलो हवा असते, आणि ती संपत आली की सिलिंडर स्वतःच तरंगू लागतो. म्हणून वजनांची तपासणी सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास हवा उरली असताना करावी: बीसीडी रिकामे करून, साधा श्वास धरून, पाण्याची पातळी डोळ्यांशी यावी. तलावातले पाणी गोडे असेल तर समुद्रासाठी त्यात आणखी वजन मिळवावे लागेल. ते किती, हे बाई तुमच्या शरीराच्या आणि साहित्याच्या एकूण वजनावरून सांगतील.